शंभर दाण्यांतले शहाण्णव

शीतलचे शंभरातले बहात्तरच दाणे उगवले, तेव्हा चांगुणाच्या जिवाला गार वाटलं. शीतल तिची धाकटी जाऊ. बाळापूरला दोन वर्षं सायन्स शिकलेली. लग्नाला सहा महिने झाले न्हाईत तोवर बचत गटातल्या बायका उठसूट तिलाच विचारायला लागल्या. अन् बारा वर्षं घरचं सोयाबीनचं बी राखणारी चांगुणा काय मेली होती का?

यंदा गटातल्या दहा जणींनी ठरवलं होतं, विकतचं बी नको. या दोघी जावांपैकी जिचं जास्त उगवेल, तिचंच सगळ्यांनी पेरायचं. दोघींनी शंभर-शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे अन् पाचव्या दिवशी कोंब मोजायचे.

चांगुणानं दाणे सुपात घेतले. फुटका, बारका, सुरकुतलेला बाजूला सारला अन् टपोरे शंभर निवडले, घरी पाहुणे येणार म्हणून डाळ निवडावी तसे. गटाच्या अध्यक्ष मंजुळाबाईंनी कोंब मोजले. शहाण्णव!

"बघ शीतल," चांगुणा फुशारली, "शेतीला हात लागतो, पुस्तक न्हाई."

"अक्का, दाणे निवडून घेतले व्हय?" शीतल म्हणाली. "पोत्याच्या वरून, मधून, तळातून न बघता घ्यावं लागतं. न्हाईतर ते त्या शंभर दाण्यांचं कळलं, पोत्याचं न्हाई."

"जळून राहिली तू माझ्यावर! हरली तर हरली म्हण ना."

बायका खो खो हसल्या.

पण तिचं बोलणं चांगुणाच्या डोक्यातून काही जाईना. या दीडशहाणीला एकदा खोटं पाडायचंच, म्हणून तिनं नवऱ्याला, मुंजाजीला, डोळे मिटून पोत्यांतून दाणे काढायला लावले. पाच दिवसांनी एकटीनं गोणपाट उलगडलं. एकदा मोजलं, दोनदा मोजलं. त्रेचाळीस.

"कुणाला काय कळतंय?" आकडा ऐकून मुंजाजी म्हणाला. "न्हाई उगवलं तर पावसावर ढकलू."

"अन् दहा घरांची दुबार पेरणी तुमचा आजा करून देणार व्हय?"

तेवढ्यात बायका रिकामी पोती घेऊन दारात आल्याच. चांगुणानं गोणपाट त्यांच्यापुढं टाकलं. "माझं बी नेऊ नका. मी दाणे निवडून घेतले होते. खरे त्रेचाळीसच उगवले. शीतलचं न्या." उभ्या जन्मात इतकं कडू तिनं काही गिळलं नव्हतं.

"अगं बाई, वाचलो!" मंजुळाबाईंनी कपाळाला हात लावला अन् शेजारच्या दारात उभ्या शीतलकडं वळल्या. "तू सांगितलं म्हणून कळलं गं! पोरीच्या डोक्याला तोड न्हाई."

चांगुणाच्या अंगाचा तिळपापड झाला. मोजलं कुणी? येऊन सांगितलं कुणी?

"माझं काहून नाव घेता?" शीतल म्हणाली. "मी सांगून मोकळी झाले. अक्कांनी पुन्हा लावून बघितलं, अन् स्वतःच्या तोंडानं सांगितलं."

"बघा, मन बी किती मोठं पोरीचं!" मंजुळाबाई म्हणाल्या, अन् सगळ्याजणी शीतलच्या दाराकडं निघाल्या.

चांगुणानं दातओठ खाल्ले. पण पेरणी तोंडावर आली होती, अन् रान तिलाही होतंच. दहा बायकांच्या मागं, धाकट्या जावेच्या दारात, रिकामं पोतं घेऊन ती उभी राहिली.