माळवदावरून ऐकलेलं ध्रुवयान

मित्रांनो, मी एक जुना अँटेना आहे, आणि गेल्या रविवारपासून जरा फुशारलो आहे. बारामतीला एका मासिकाचं प्रकाशन झालं, तेव्हा मला मंचावर प्रमुख पाहुण्यांच्या शेजारी उभं केलं होतं. पाहुण्यांना शाल मिळाली, मला नाही. पण फोटोत मी त्यांच्यापेक्षा उंच आलो आहे.

तुमच्यातल्या पुष्कळांना अँटेना ठाऊकही नसेल. एक लांब दांडी, तिच्यावर आडव्या बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या आणि खाली टीव्हीपर्यंत गेलेली चपटी वायर, एवढाच माझा संसार. महिपती आबा वरकुटे गावचे ऊस बागायतदार. त्यांनी इंदापूरहून टीव्हीबरोबर मला आणलं आणि घराच्या माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, पुण्याकडे तोंड करून बसवलं. आळीतला तो पहिला टीव्ही. मला नारळ फोडला, हळदकुंकू लावलं. तेवढा मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

पुणं लांब पडायचं. जरा वारा सुटला, एखादा कावळा नळीवर टेकला, की पडद्यावर मुंग्या यायच्या. मग मला कुणीतरी धरून उभं राहावं लागे. त्या वर्षी दर रविवारी सकाळी ‘ध्रुवयान’ नावाची मालिका लागायची. ताऱ्यांमधून भटकणारं एक यान आणि परतीची वाट चुकलेली त्याची कप्तानबाई, अशी ती गोष्ट. साडेनऊलाच सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या भागात, सारी आळी येऊन बसायची. आबांची सून संजीवनी, पिंपळीची लेक, तेव्हा नवी नवी आली होती. सासऱ्यासमोर सुनेनं सोप्यात बसायचं नाही, असा त्या घरचा रिवाज. म्हणून मला धरायला तिलाच वर पाठवायचे. कुणी मुद्दाम छळ मांडला होता असं नाही. तिलाही बघावंसं वाटत असेल, हे कुणाच्या मनातच आलं नाही.

तिचा धाकटा दीर गोकुळ तेव्हा चौथीत होता. तो दारात उभा राहून ओरडायचा, “वैनी, गेलं. अजून जरा... आलं, आलं. आता हलू नगा.”

आणि ती हलायची नाही. डोक्यावर पदर, तोंडावर ऊन, दोन्ही हातांत मी. छताला उजेडासाठी ठेवलेल्या झरोक्यातून आवाज तेवढा वर यायचा. कप्तानबाई संकटात सापडली की संजीवनीच्या मुठी माझ्यावर आवळायच्या. सव्वीस रविवार ती अशी उभी राहिली. मला तिचा अभिमान वाटायचा आणि वाईटही वाटायचं. सगळी चित्रं माझ्या अंगातून खाली जात होती, पण तिला एकही दाखवणं माझ्या हातात नव्हतं.

पुढे डिशच्या छत्र्या आल्या, मग मोबाइल आले. माळवद उतरवून स्लॅब पडला आणि माझी रवानगी परसात दोडक्याच्या वेलाखाली झाली. माझ्या दोन नळ्या कधी भंगारात गेल्या, कुणी विचारलंही नाही. दोडका मात्र दर वर्षी झकास यायचा.

गोकुळ बारामतीत शिक्षक झाला, पण ‘ध्रुवयान’चं वेड काही सुटलं नाही. ती मालिका आता शोधूनही सापडेना, म्हणून तिच्यावर मासिक काढायचं त्यानं मनावर घेतलं. गावात विचारत फिरला. कुणाला सुरुवात आठवेना, कुणाला शेवट. संजीवनीनं मात्र मेथी निवडता निवडता सव्वीसच्या सव्वीस भाग ओळीनं सांगितले; यानाचं दार कधी करकरलं, कप्तानबाई कुठल्या शब्दावर थबकली, तेसुद्धा. गोकुळनं सारं उतरवून घेतलं आणि पहिल्या अंकात लेखिका म्हणून तिचं नाव छापलं.

“प्रकाशनाला तुमीच बोलायचं, वैनी,” तो म्हणाला.

“मला न्हाय जमायचं, भाऊजी.”

“न जमायला काय झालं? समदं डोळ्यांपुढं हाय की तुमच्या.”

मंचावर ठेवायचं म्हणून मला वेलातून सोडवून आणलं होतं. एकटीच चिंच लावून मला घासता घासता ती हळूच मलाच म्हणाली, “कुणी इचारलं तर काय सांगू रं? म्या एकबी चित्र बघितलं न्हाय. लोक म्हणतील, उगंच नाव लावून बसली.”

रविवारी सभागृह भरलं. पाहुण्यांनी लाल फीत सोडली, अंक वाटले गेले. संजीवनी उभी राहिली आणि पहिला भाग तिनं असा सांगितला की कुणी खोकलंसुद्धा नाही. तेवढ्यात सुकन्या नावाची कॉलेजातली मुलगी उठली. “काकू, ते यान दिसायला कसं होतं?”

संजीवनीनं पदर सारखा केला. माझ्याकडे बघितलं.

“म्या बघितलं न्हाय, बाळा. म्या वर ह्याला धरून उभी असायची. नुसतं ऐकलंय.”

गोकुळच्या हातात अंकांचा गठ्ठा होता, तो तसाच राहिला. “आलं आलं म्हणून मीच वरडायचो,” तो म्हणाला.

पहिल्या रांगेतून महिपती आबा काठी टेकत उठले. शहाऐंशीचं वय. आता हे काय बोलतात म्हणून संजीवनीनं मान खाली घातली.

“खरं हाय ती म्हणती ते,” आबा म्हणाले. “मला त्या गोष्टीतलं आता कायबी आठवत न्हाय. यान न्हाय, बाई न्हाय. चित्र कधी हललं न्हाय, तेवढं ध्यानात हाय.” मग ते परत बसले, सोफ्यावर जरा सरकले आणि शेजारी हात थोपटला. “सूनबाई, हितं बस माझ्याजवळ.”

पस्तीस वर्षांत ती त्यांच्यासमोर कधी बसली नव्हती. त्या दिवशी बसली. आबा तिला यान कसं होतं ते सांगायचा प्रयत्न करत राहिले, पण त्यांना खरंच काही आठवेना.

मित्रांनो, मला पुन्हा दोडक्याखाली उभं केलंय, त्याची माझी तक्रार नाही. तुम्हाला एवढंच सांगतो: तुमच्या घरात सगळं सुरळीत दिसत असेल, तर ते कुणीतरी धरून ठेवलंय म्हणून दिसतं. त्या माणसाला वेळेवर खाली बोलवा. संजीवनीला बोलावलं, तेव्हा बघायला काही उरलं नव्हतं.