फाटेवाली ओंबी

घरातल्या दोन मुलींच्या वाढदिवसांची गहू पैदासकाराला बायको आठवण करून देते. पण फाटेवाली ओंबी पहिल्यांदा कधी निसवून बाहेर आली, हे तो झोपेतून उठवलं तरी सांगेल. साध्या गव्हाची ओंबी एकच, सरळ. याच्या संकरातल्या ओंबीला मात्र फांद्या फुटल्या होत्या आणि फांदीफांदीवर दाणे. पाहुणे आले की फोटो तिचाच. शेजारच्या वाफ्यात तिची बहीण उभी होती: सरळच, फक्त किंचित लांब. तिच्याकडे पाहुणे बघत नसत आणि बापही.

दोघींपैकी पुढच्या चाचणीत कोण जाणार, हे उद्या समिती ठरवणार होती. जागा एकच. मागे राहिलेलं वाण शीतगृहात जातं, ते सहसा परत निघत नाही.

वजनाची खोली बायकोच्या ताब्यात. फाटेवालीची पिशवी त्यानं तिच्या टेबलावर अशी ठेवली, जणू लेक पहिली आली. तिनं ती काट्यावर ठेवून आकडा बघितला, मग नवऱ्याकडे बघितलं.

"अहो, ह्या कापल्या कुठून?"

"वाफ्यातून. आणखी कुठून?"

"मधून की कडेनं?"

तो चष्मा पुसायला लागला. बायकोला एवढं उत्तर पुरतं.

कडेच्या ओळीला ऊन जास्त, खतपाण्यात वाटेकरी कमी. तिथलं कुठलंही झाड गुटगुटीतच निघतं. म्हणून कडा आधी कापून बाजूला टाकायच्या. याच चुकीवरून त्यानं एका सहकाऱ्याची भर बैठकीत हजेरी घेतली होती. पण आपला तो बाब्या!

"टाकायला हात होईना गं. सगळ्यात देखण्या तिथंच होत्या."

"देखणेपण काट्यावर चढत नाही, साहेब. मधल्या आणा."

मधल्या आल्या. दाणे ढीगभर, पण झाडाचं अन्न इतक्या तोंडांत वाटलं गेलेलं, की दाणा सुरकुतलेला. "नाव सोनूबाई," बायको पुटपुटली आणि पुढचं गिळलं. मग तिनं बहिणीची पिशवी काट्यावर ठेवली. ती त्यानं नियमानं मधूनच कापली होती. तिच्यासाठी नियम मोडावासा कधी वाटलाच नव्हता. दाणे कमी, पण टपोरे. वजन सरस.

"कडेचा आकडा अजून कुणी पाहिला नाही," तो हळूच म्हणाला.

"मी पाहिला ना."

दुसऱ्या दिवशी समितीपुढे त्यानं सरळ ओंबीचं नाव पुढे केलं. अध्यक्षबाई चकित. "आणि तुमची लाडकी?"

"लाडकीच आहे. पण खाते फार, भरते कमी."

घरी जाताना बायकोनं विचारलं, "वाईट वाटलं?"

"छे! आता दोघींचा संकर करतो. फांद्या हिच्या, दाणा तिचा. दहाएक वर्षांत होईल."

"तेवढी नोकरी उरलीय का तुमची?"

"माझी नाही. तुझी आहे ना."