पाहुण्यांचं बटण

बैठकांना बसून बसून माझी पाठ गेली, असं मी घरी सांगते. पाठीला काही झालेलं नाही. मलाच वीट आलाय.

आमचं यंत्र सांगायला सोपं आहे. छपरावरचे आरसे उन्हाची उष्णता गोळा करतात, तिने टाकीतलं एका जातीचं मीठ वितळतं, आणि ऊन गेल्यावरही ते तापलेलं मीठ पंपाच्या जोरावर पाइपांतून फिरत वाफ करत राहतं. कापड रंगवणाऱ्या कारखान्याला वाफ लागते. आजवर ती कोळशाच्या बॉयलरवर होत आली. आमची प्रयोगशाळा, तो कारखाना आणि सरकारचं ऊर्जा खातं, अशा तिघांनी मिळून हे करायचं ठरलं. तिघांनी मिळून म्हणजे काय ते मला आता कळलंय. एकाला घाई असते तेव्हा दुसरा रजेवर असतो, आणि तिसऱ्याला फाइल सापडत नाही.

कारखान्याची देखभाल माझ्या थोरल्या भावाकडे. मालकांपाशी आमच्यासाठी शब्द त्यानेच टाकला होता. मालक म्हणाले होते, "पूर्ण हंगाम न थांबता चालवून दाखवा. खात्याचा दाखला मिळाला तर कोळसा बंद. नाही मिळाला तर नवा कोळशाचाच बॉयलर मागवणार, मग वीस वर्षं माझ्याकडे फिरकू नका."

दाखल्याची अट एकच: चाचणी अखंड हवी. ती अट मीच सुचवली होती. पंप थांबून राहिला की मीठ पाइपात गोठतं, पुन्हा वितळवलं की फुगतं, आणि पाइपाला आतून बारीक चिरा पडू शकतात. त्या बाहेरून दिसत नाहीत. मग कधीतरी भर कामात पाइप फुटतो, आणि ते मीठ अंगावर उडालं तर माणूस हाती लागत नाही.

हंगाम संपत आला आणि खात्याच्या साहेबांचा फोन आला. "मॅडम, मोठे पाहुणे येतायत. त्यांच्या हस्ते यंत्र सुरू करायचं."

"ते सुरूच आहे, साहेब."

"मग आधी बंद करा ना."

मी कपाळाला हात लावला. तोडगा दादाने काढला: नुसतं दिखाऊ बटण लावू, दाबलं की दिवा लागेल. सगळ्यांना पटलं. पटलं नाही ते आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांना, सरांना. "प्रयोगशाळेच्या नावावर खोटं बटण? माझ्या हयातीत नाही." सरांचं घोडं एकदा अडलं की अडलं. शेवटी असं ठरलं की पाहुणे बटणाशी आले की मी यंत्र क्षणभर थांबवायचं आणि त्यांनी दाबलं की ते खरोखर सुरू व्हायचं. क्षणभराने मीठ गोठत नाही, आणि नियमातही तेवढी सूट होती. बटण कारखान्याच्या स्टोअरमधून आलं, रंगाच्या मशीनचं. दादाने स्वतः बसवलं. भाषणांत व्यत्यय नको म्हणून धोक्याचा भोंगा साहेबांनी बंद ठेवायला लावला. आपापलं काम प्रत्येकाने अगदी मन लावून केलं.

पाहुण्यांनी बटण दाबलं, पंप सुरू झाला, टाळ्या पडल्या. माझा जीव भांड्यात पडला आणि मी खुर्ची शोधायला वळले. तेवढ्यात फोटोवाला म्हणाला, "परत एकदा दाबा ना, फोटो हलला." पाहुण्यांनी हसत हसत परत दाबलं. रंगाच्या मशीनचं बटण एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. कारखान्यात हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणूनच कुणी ते कुणाला सांगितलं नव्हतं. दुसऱ्यांदाही टाळ्या पडल्या आणि त्यांत पंप थांबलेला कुणाला कळला नाही.

भाषणं लांबली. तिघांच्या एकजुटीवर जो तो बोलला. चहाच्या वेळी मी यंत्रापाशी गेले तर तापमानाचा काटा पार खाली बसलेला. पाइपातलं मीठ गोठलं होतं.

पाहुण्यांना निरोप देऊन आम्ही मालकांच्या केबिनमध्ये जमलो. फोटोवाल्याचं सगळ्यांनी ऐकलं होतं, त्यामुळे काय झालं ते शोधावं लागलं नाही. "भाषणं चालली तेवढाच वेळ ना?" साहेब म्हणाले. "आम्ही अखंडच धरू." मालकांना वाफेशी मतलब होता, त्यांची हरकत नव्हती. सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "एवढ्याने चिरा पडतीलच असं नाही." खोटं बटण चालणार नाही म्हणणारे आमचे सर! इतक्या वर्षांत तिघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं, तेही बैठकीची नोटीस न काढता.

"हो म्हण," दादा माझ्या कानाशी पुटपुटला.

मला हो म्हणायचं होतं. देवाशप्पथ म्हणायचं होतं. मी इतकी दमले होते की कुणी उशी दिली असती तर तिथेच आडवी झाले असते. पण त्या पाइपापाशी रोज कोण उभं राहणार, ते मला माहीत होतं.

"चाचणी मोडली," मी म्हणाले. "पाइप बदलून पहिल्यापासून करावी लागेल."

"पुढच्या हंगामापर्यंत जुना बॉयलर तग धरायचा नाही," मालक म्हणाले, आणि तिथूनच बॉयलरवाल्यांना फोन लावला.

संध्याकाळी दादाच्या घरी गेले. वहिनीने काही न विचारता ताट वाढलं. दादा ताटातलं नुसतं चिवडत होता.

"तोंडघशी पाडलंस मला," तो म्हणाला.

"तुझ्यासाठीच नाही म्हणाले, दादा. पाइप फुटला असता तर तिथे तूच असतास. दुसरं कुणी असतं तर कदाचित मी हो म्हणून मोकळी झाले असते."

आता भडकणार, असं वाटलं. पण त्याला भडकायचंही त्राण नव्हतं.

"अगं, आणि त्या कोळशाच्या धुरात कोण उभं असतं?" तो म्हणाला. "आता अजून वीस वर्षं कोण उभं राहणार?"

कोळशाविरुद्ध मी किती सभांतून बोलले असेन. धूर किती, राख किती, सगळं तोंडपाठ होतं. दादा तिथे असतो, हे मात्र एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं.