मायच्या गालाची शेड

डोळ्यांखालची काळी वर्तुळं

आधी नारिंगी करेक्टर. त्यावर आपल्या रंगाचं कन्सीलर, बोटानं टिपत टिपत. ओढायचं नाही, डोळ्याखालची कातडी पातळ असते.

कलबुर्गीतल्या आपल्या पार्लरमध्ये महानंदा शिकाऊ मुलींना हे दाखवत होती, तेव्हा गावाकडून, दुबलगुंडीहून, अप्पांचा फोन आला. अप्पा सकाळी कधी फोन करत नसत.

"महानंदा, माय गेली गं."

चहाचं आधण ठेवलं आणि बसली ती उठलीच नाही, एवढंच ते सांगू शकले. महानंदाचं मधलं बोट नारिंगी होतं. हुमनाबादच्या बसमध्ये, पुढं जीपमध्ये, ते नारिंगीच राहिलं.

लाल डाग

हिरवं लावायचं. लालावर हिरवं पडलं की लाल विझतं. मुली दर खेपेला हसतात: मॅडम, मेथीची भाजी दिसंल की!

मायच्या चेहऱ्यावर लाल काही नव्हतं. पुढं.

पांढरा डाग

पांढऱ्याला करेक्टर लागत नाही. भोवतीच्या कातडीचा नेमका रंग लागतो. चोळायचं नाही, थापटायचं. कडा बाहेर विरवत न्यायच्या. वर पावडर. आणि शेड बघायची ती दारातल्या उजेडात. ट्यूबलाइटखाली सगळ्या शेड खोटं बोलतात.

कोड म्हणायचं नाही, असं मायनं ठरवून टाकलं होतं. 'ते' म्हणायचं. 'ते' डाव्या गालावर आलं, आधी तुरीच्या दाण्याएवढं, मग शेंगेएवढं. महानंदानं मायला दारात उभं करून दोन शेड एकत्र कालवल्या आणि डबीत भरून दिल्या. माय त्याला मलम म्हणायची. सकाळी तोंड धुतलं की मलम, मग चहा. घरातल्या तिघांशिवाय कुणाला पत्ता नव्हता.

कारण सोनू. धाकटी. कडगंचीला विद्यापीठाच्या ऑफिसात क्लार्क असलेल्या शिवप्रसादशी तिचं ठरलं होतं, साखरपुडाही झाला होता. लग्न तुरी निघाल्या की. बघायला आली त्या दिवशी शिवप्रसादची आई राजूबाई चिवडा खाता खाता भलत्याच घरचं सांगत होती: "पोरगी चांगली हाय वो, पर मायला कोड. कोण करंल?"

मायनं मान हलवली. "व्हय की," म्हणाली आणि तिच्या बशीत आणखी चिवडा वाढला.

पाहुणे गेल्यावर महानंदाला म्हणाली, "सोनूचं लगीन होईस्तोवर झाक. मग समद्या गावाला बघू दे. मला काय."

पाणी

पाण्यानं सगळं जातं.

अहेव गेलेल्या बाईला अंगणात, चार बायकांनी धरलेल्या लुगड्यांच्या आडोशात, न्हाऊ घालतात. नवं हिरवं लुगडं, हिरव्या बांगड्या, कपाळभर मळवट. मग एकेक सवाष्ण येते, ओटी भरते, तोंडाजवळ वाकून दोन्ही गालांना हळद लावते. राजूबाई कडगंचीहून निघाली होती. तीही वाकणार होती.

मायचं तोंड महानंदानं स्वतः धुतलं आणि लगेच त्यावर पदर ओढला. मग ओसरीवर निजवलेल्या मायपाशी बसून म्हणाली, "जरा बाहेर व्हा समद्या. मायला मी नटवते."

कुणाला नवल वाटलं नाही. चुलती डोळे पुसत म्हणाली, "दुनियेच्या नवऱ्या नटवती, मायला नटवू द्या की."

सोनू तेवढी आत राहिली.

थंड कातडी

हा भाग कुठल्या क्लासात शिकवत नाहीत.

कन्सीलर अंगाच्या उबेनं वितळतं आणि कातडीत मुरतं. इथं ऊब नव्हती. महानंदानं डबीतलं मलम आपल्या हाताच्या पाठीवर घोळवून ऊन केलं आणि डागावर थापटलं. ते मुरलं नाही, नुसतं बसलं. तिनं कडा विरवल्या. पावडर लावली. सवयीनं पदर बाजूला सारून दारातल्या उजेडात पाहिलं.

शेड चुकली होती.

चुकली नव्हती. मलम जिवंत मायच्या रंगाचं होतं. सकाळपासून मायचाच रंग बदलला होता: कपाळ, नाक, उजवा गाल, सगळं राखेसारखं फिकट, पिवळसर. त्यात डाव्या गालावर तेवढा एक गहूवर्णी तुकडा. कालचा. उन्हातून आल्यासारखा.

सोनू वाकली. "आक्का," ती हळूच म्हणाली, "माय हितं जित्ती हाय."

महानंदानं पेटी उघडून पिवळं काढलं, पांढरं काढलं, थोडं करडं, आणि मनगटावर कालवू लागली. कालवून ते मायच्या कपाळाशी धरलं. आणखी थोडं करडं.

"काय करायलीस?"

"मिळवायलेय. भोवतीच्या रंगाला."

"कामून?"

"येडे, राजूबाई याया लागल्यात."

"म्हंजे एवढीबी मारायलीस तू तिला."

"सोनू, हात सोड."

"न्हाई सोडत."

"लगीन मोडंल."

सोनूनं तिचं मनगट घट्ट धरलं होतं. कालवलेला रंग दोघींच्या हातांना लागला. मग सोनूनं हात सोडला, खाली वाकली आणि आपला गाल त्या तुकड्यावर टेकवून तशीच राहिली. महानंदाला आता रंग लावायला जागाच नव्हती.

अंगणातून शेजारच्या बीबम्मानं हाक दिली, "महानंदा, जल्दी कर माँ, मेहमान आरैं!"

महानंदानं मनगट लुगड्याला पुसलं.

हळद

राजूबाई वाईट बाई नव्हती. वाटभर रडत आली होती, पदर ओला होता. तिनं नारळ-तांदळानं ओटी भरली. मळवटावर कुंकू चढवलं. हळदीत बोट बुडवून उजव्या गालाला लावली. दुसऱ्यांदा बोट बुडवलं आणि डाव्या गालापाशी ते थांबलं.

"हे काय लावलंय वो?"

"पडली न्हवं का सकाळी," महानंदा म्हणाली. "मुका मार लागला, काळंनिळं झालतं, म्हणून जरा..."

तिनं हे इतकं सहज म्हटलं की ते खरंच वाटलं असतं. जांभळ्या वळाला पिवळं करेक्टर लागतं, हेही ती सांगू शकली असती.

"कोड हाय," सोनू म्हणाली.

ती राजूबाईकडं वळली.

"आक्काचं मलम लावायची, म्हणून दिसत नव्हतं. मायनं तुमास्नी फसवलं न्हाई, मावशी. तुमी चिवडा खाताना म्हणलात, ते तिला लागलं."

राजूबाईचं बोट तसंच हवेत होतं. मग तिनं कुंकू उचलून पुन्हा मळवटाला लावलं, जे आधीच लावून झालं होतं. पाया पडली. उठताना बोटावरची हळद चौकटीला पुसली.

मायची माती झाली ती एका गालाला हळद नसतानाच. बाकीच्या बायकांनीही मग उजव्याच गालाला लावली.

वांग, मुरुम, जुने व्रण

हा भाग मुलींना दाखवायचा राहिला.

उजेड

सावडायच्या दिवशी शिवप्रसाद मोटरसायकलवरून एकटाच आला. अप्पांजवळ बसला. अप्पा कडगंचीकडं पाऊसपाणी कसं हाय म्हणाले, तो बरं हाय म्हणाला. मग तो ओसरीच्या कोपऱ्यात सोनूशी बोलायला उठला. महानंदा चहा घेऊन येत होती, तिला सगळं ऐकू आलं.

"आईला मी समजावतो. जुनी माणसं हायत. मला काय फरक पडत न्हाई, सोनू. खरंच."

तो खरंच बोलत होता. महानंदाला त्याच्या आवाजावरून ते कळलं. पण त्याचे डोळे तिनं पाहिले. ते सोनूच्या डाव्या गालावर गेले, तिथून कानाच्या पाळीशी, मानेवर, पुन्हा गालावर. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की महानंदाचे डोळे असेच फिरत. काय झाकायचंय ते शोधत.

सोनूनंही पाहिलं.

ती उठली, उंबऱ्यावर जाऊन उभी राहिली. केस कानामागं धरले आणि डावा गाल उन्हाकडं केला.

"नीट बघा. हितं उजेड हाय."

"तसं न्हाई, सोनू..."

"बघा म्हणते न्हवं? अजून तर न्हाई. उद्याचं म्या कसं सांगू?"

त्यानं मान खाली घालायला हवी होती. हसायला हवं होतं, काही येडं बोलायला हवं होतं. तेवढ्यावर भागलं असतं. महानंदाच्या हातातले कप त्यासाठीच थांबले होते.

त्यानं बघितलं. एक पाऊल पुढं येऊन, कानामागंसुद्धा.

"चहा घ्या," सोनू म्हणाली. "आन् मावशीला म्हणावं, पोरीनंच न्हाई म्हणलं. तुमच्यावर बोल नगं."

त्यानं चहा घेतला; नाही म्हणायला त्याला सुचलं नाही. घोट घोट संपवला, कप उंबऱ्याशी ठेवला. मोटरसायकल गल्लीतून वळली, तिचा आवाज सडकेपर्यंत ऐकू येत राहिला.

"सोनू, आत ये," महानंदा म्हणाली.

सोनू केस कानामागं धरून तशीच उभी होती.