डाव्या हाताचं बक्कल

पाणबुड्यांच्या सामानाचं ते दुकान बंदरामागच्या गल्लीत होतं. मालक स्वतः गुडघाभर पाण्यात उतरायलाही घाबरायचा, पण गिऱ्हाइकासमोर असा बोलायचा की जणू समुद्र त्याच्या घरचाच. मागच्या खोलीत वहिनी कमरेचे पट्टे ओवायची. नवरा आणि दीर दोघेही पाणबुडे, त्यामुळे दिराची 'वहिनी' ही हाक सगळ्या दुकानानंच उचलली होती.

पाण्याखाली टिकून राहायचं तर कमरेला शिसं बांधावं लागतं. वहिनी पट्टी कापायची, तिचं टोक मेणबत्तीवर वितळवून घ्यायची, वजनात ओवताना पट्टीला एक पीळ द्यायची, म्हणजे वजन सरकत नाही. शिकाऊ पोरांना प्लास्टिकचं बक्कल चालायचं. जहाजांचे तळ खरवडणाऱ्यांना ती स्टीलचंच द्यायची, तेही चार वेळा उघडमीट करून बघून. आणि बक्कल बसवायचं ते नेहमी उजव्या हातानं ओढून उघडेल असंच. सगळ्यांचं एकसारखं. कारण जिवावर बेतलं की पट्टा सोडून द्यायचा असतो, आणि तो सोडणारा हात आपलाच असेल असं नाही.

हे तिनं एकदाच मोडलं होतं, आणि तेही जाणूनबुजून. नवरा डावखुरा. "उजव्यानं मला धड शर्टाचं बटण लावता येत नाही, आणि पाण्यात बक्कल उघडू होय?" म्हणत तो तिच्या मागे हात धुऊन लागला. शेवटी तिनं लाडानं बक्कल उलट्या बाजूला बसवून दिलं. स्वारी इतकी खूश की पट्टा बांधून स्वयंपाकघरात नाचली.

मग एका जहाजाखाली, गढूळ पाण्यात, त्याची शुद्ध हरपली. जोडीला धाकटा भाऊ होता. त्यानं बक्कल ओढलं, परत ओढलं; ते उघडलं नाही. शिशासकट दादाला वर आणेपर्यंत सगळं संपलं होतं. होडीवर कुणीतरी घाईनं पट्टा कापला आणि तो पाण्यात गेला. बक्कल कुणी पाहिलंच नाही. ऐन वेळी धाकट्याचे हातपाय गळाले, असं सगळ्यांनी धरून चाललं. सासूबाईंनी तर त्याच्याशी बोलणंच टाकलं. आणि वहिनीची जीभ टाळ्याला चिकटली ती चिकटलीच. आज सांगू, उद्या सांगू म्हणता वर्ष उलटलं. तिला स्वतःची लाज वाटायची, आणि तरी ती गप्प राहायची.

त्या दुपारी धाकटा खांद्यावर पिशवी टाकून मागच्या खोलीत आला.

"निघतो वहिनी. संध्याकाळची गाडी आहे."

"कुठे भाऊजी?"

"जिथे पाणी नाही तिथे. आता परत यायचं नाही." तो टेबलावरचा अर्धवट पट्टा उगाच चाळवत राहिला. "उतरायच्या आधी एकमेकांचा पट्टा चाचपून बघायचा नियम असतो. दादाचा मी कधीच बघितला नाही. म्हटलं, वहिनीनं ओवलाय, त्यात काय बघायचं! असो. दोष माझ्या हातांचाच."

वहिनीनं हातातली पट्टी खाली ठेवली. हा माणूस तिच्यावर विश्वास ठेवून बुडाला होता, आणि अजूनही ठेवतच होता. तिनं एक पट्टा ओढला, बक्कल काढलं, उलट्या बाजूला ओवलं आणि पट्टा स्वतःच्या कमरेला बांधला.

"डोळे मिटा भाऊजी, आणि हे उघडा."

"वहिनी, नको ना."

"माझ्यासाठी उघडा."

त्यानं डोळे मिटले. हात सवयीनं गेला, ओढलं. बक्कल हललं नाही. त्यानं आणखी जोरानं ओढलं.

"असंच," तो म्हणाला. "असंच झालं होतं."

"दुसऱ्या बाजूनं ओढा."

पट्टा धाडकन पायाशी पडला. त्यानं तो उचलला, बक्कल उलटसुलट करून पाहिलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"त्यांनी हट्ट धरला. मी ओवून दिलं."

"वर्षभर, वहिनी! वर्षभर आईनं मला दारात उभं केलं नाही. रात्र रात्र मी हे हात बघत बसायचो." त्याचा आवाज फाटला. तिला वाटलं, मारलं तरी बरं. पण तो भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडायला लागला, आणि तिला त्याच्या खांद्यावर हात ठेवायचाही धीर झाला नाही.

"चला," ती शेवटी म्हणाली. "आईंना मी सांगते."

घरी धाकटा जिन्यातच थांबला. सासूबाई वाळलेले कपडे घडी करत बसल्या होत्या. वहिनी त्यांच्यासमोर उभी राहिली आणि एका दमात सगळं बोलून गेली. मध्ये थांबली असती तर पुढचं निघालंच नसतं.

सासूबाईंनी हातातली घडी पुरी केली. मग मोडली. परत घातली.

"शाळेतल्या बाई सांगायच्या," त्या म्हणाल्या, "ह्याला उजव्या हाताची सवय लावा. मी लावली नाही. फार रडायचा तो. मीच बाईंशी भांडून आले."

सासूबाईंनी घडी बाजूला ठेवली.

"धाकटा कुठाय?"

"खाली. जिन्यात."

"मग उभी काय राहिलीस? बोलव की त्याला."

तो वर आला. सासूबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं, "किती वाळलास रे," एवढंच म्हणाल्या आणि ताट वाढायला उठल्या. तो जेवत होता, डोळ्यांतलं पाणी पुसायची तसदीही घेत नव्हता. वहिनी दाराला धरून उभी होती. आता घर सोडून जायची पाळी आपली, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

सासूबाईंनी आणखी एक ताट मांडलं. तिच्याकडे न बघताच म्हणाल्या, "तूही बस."