पाय धुणारी आयडेला

या, जरा पुढे सरकून बसा. मागच्या बाकांवर सूर नीट पोहोचत नाही, आणि ही गोष्ट सुराशिवाय कळायची नाही. अलाबामातल्या आमच्या माउंट गिलियड चर्चमध्ये एका रविवारी आजीने आपल्याच नातीचं भाषण कसं अडवलं, ते ऐका.

निवडणूक तोंडावर आली होती. कोरीन स्टॉलवर्थ राज्याच्या विधानसभेला उभी होती, आणि पास्टरांनी प्रवचनाआधी तिला थोडा वेळ दिला होता. पहिल्या बाकावर पांढरी टोपी घालून तिची आजी आयडेला, आमच्या चर्चची मानाची 'मदर', ताठ बसली होती. आईविना पोर तिनेच वाढवलेली. आज तिला आभाळ ठेंगणं झालं होतं.

आमच्याकडे बोलणारा एकटा कधीच बोलत नाही. वाक्यावाक्याला बाकांवरून हुंकार मिळतो, आणि शब्द तापले की ऑर्गन त्यांना उचलून धरतो.

"आपल्या काळ्या लोकांच्या मतदानाच्या हक्काचा मोर्चा याच रस्त्याने गेला," कोरीन म्हणाली.

"गेला, बाई, गेला," बाक म्हणाले.

"आणि पहिल्या रांगेत माझी आजी, माझी बिग मामा, होती. पोलिसांच्या काठ्यांसमोर."

आयडेलाच्या हातातला पंखा थांबला. शेजारची व्हेल्मा तिच्या कानाशी लागली. "अगं, तू कधी गेलीस मोर्चात?"

"तेच ऐकतेय मी."

"जाऊ दे ना. पोरीला चार मतं मिळतील."

"माझ्या नावावर? देवाच्या घरात?"

नात हरावी असं तिच्या मनातही नव्हतं. चारचौघांत खोटं पाडलं तर पोरगी संपलीच. पण आपण जे केलं, ते ती एवढी वर्षं उराशी जपून होती. ते कमी पडलं म्हणून नातीने दुसऱ्याचंच काही अंगावर चढवावं, हे तिला सोसवेना.

आमच्या चर्चची एक रीत आहे. बोलणं रंगलं की 'आमेन' येतं. बोलणारा वाट चुकला की म्हाताऱ्या म्हणतात, "याला सांभाळ, प्रभो." परक्याला तो आशीर्वाद वाटतो. घरच्याला कळायचं ते कळतं.

"हिला सांभाळ, प्रभो," आयडेला खणखणीत आवाजात म्हणाली.

ऑर्गनवाल्याने बोटं उचलली. कोरीन याच बाकांवर वाढलेली. तिला कळलं. मग ती माईकवर हात ठेवून आजीकडे खाली वाकली.

"बिग मामा, भाषण लिहिणारा म्हणाला, तळघरात पाय धुणं पोस्टरवर शोभत नाही."

"मग त्याला बसव पोस्टरवर. इथे तू उभी आहेस."

पुढच्या दोन बाकांवर हसू फुटलं. कोरीनही हसली, डोळे पुसले, आणि खालच्या पट्टीत पुन्हा सुरुवात केली.

"मी चुकीचं सांगितलं. माझी आजी मोर्चात नव्हती. ती या जमिनीखाली होती, चर्चच्या तळघरात, गुडघ्यांवर. मोर्चातले चालून चालून सोललेले पाय रात्री तिच्यापुढे यायचे. ती कोमट पाण्यात मीठ टाकायची..."

"टाकायची," व्हेल्मा म्हणाली. तेव्हा पाणी तीच वाहून आणत होती.

"प्रभूने शिष्यांचे पाय धुतले म्हणून आपण वर्षातून एकदा एकमेकांचे धुतो. हिने सणाची वाट पाहिली नाही."

"नाही पाहिली."

"जिच्या घरी ही स्वयंपाक करायची, ती गोरी मालकीण म्हणाली, ते पाय की माझी चूल? हिने एप्रन काढून खुर्चीवर ठेवला."

"ठेवला, ठेवला."

"आणि सकाळी ते पाय पुन्हा बुटांत गेले. राजधानीपर्यंत गेले. मी आज तुमच्याकडे मत मागते, ते त्या पाण्याच्या पुण्याईवर."

ऑर्गन आत आला. कोरीनचं बोलणं कुठे संपलं आणि गाणं कुठे सुरू झालं, हे कुणाला सांगता आलं नसतं. सगळं चर्च उभं राहिलं. आयडेला मात्र बसूनच होती. गुडघे आता साथ देत नव्हते. तिने फक्त हात वर केला.

"आमेन," ती म्हणाली. "ही माझी पोर."

मोर्चात चालले त्यांची नावं तुम्ही घेताच, घेत राहा. आज प्रार्थनेला बसाल तेव्हा त्यांच्यासोबत आयडेला स्टॉलवर्थचीही आठवण काढा.