डावीकडे आवाज नाही

आवाजाची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला मी आधी त्याचा हेडफोन उलटा घालायला लावतो. डावी वाटी उजव्या कानावर, उजवी डाव्या कानावर. बंद पडलेली बाजू दुसऱ्या कानावर गेली, तर दोष यंत्रात; त्याच कानावर राहिली, तर कानात. अर्ध्या मिनिटाचं काम. इतकी वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतोय, एकाही गिऱ्हाइकाच्या बाबतीत मी हे चुकवलेलं नाही. ताई गिऱ्हाईक नव्हती, एवढंच.

ताई माझी थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच मला लहानाचं मोठं केलं. न्यायालयातल्या साक्षींची रेकॉर्डिंग ऐकून ती घरी टाइप करते. डाव्या बाजूला साक्षीदाराचा आवाज, उजव्या बाजूला वकिलाचा. चुका वाढल्या की काम बंद. तिचं पोट कानांवर चालतं.

तिचा पहिला फोन आला तेव्हा माझ्यापुढे तीन मशीन उघडी पडली होती. सकाळपासून प्रश्न ऐकू येतात, उत्तरं येत नाहीत, असं ती सांगत होती. मी दुकानात बसूनच तिचा कॉम्प्युटर माझ्या पडद्यावर घेतला. आवाज शंभरावर, डावं-उजवं सारखं. ड्रायव्हर नवा टाकला, तरी तेच. मग दोन्ही बाजू एकत्र करून टाकल्या. ती म्हणाली, हो, आता उत्तरं येतात, पण. तो 'पण' ऐकायला मला सवड नव्हती. फोन ठेवला आणि तक्रारवहीत नोंद केली. शेवटच्या रकान्यात 'ठीक' लिहिलं. एरवी गिऱ्हाईक स्वतःच्या तोंडानं म्हणेपर्यंत हा शब्द मी लिहीत नाही.

चार दिवसांनी पुन्हा फोन. आता बारीक शिट्टी वाजते म्हणे, कॉम्प्युटर बंद असला तरी वाजते. बंद कॉम्प्युटर शिट्टी वाजवत नसतो, एवढं शेंबड्या पोरालाही कळेल. मी मात्र तिच्याकडे नवा हेडफोन पाठवून दिला. तिसऱ्या फोनला माझं डोकं फिरलं. म्हणालो, ताई, मशीन आता तुझ्या वयाचं झालंय, थोडं सांभाळून घे. ती हसली, आणि पुढचे दोन आठवडे तिनं फोनच केला नाही. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग तिनं टाइप केलेले दोन कागद चुकांमुळे न्यायालयातून परत आले. मी साउंड कार्ड घेऊन घरी गेलो, बसवलं, स्वतः ऐकून पाहिलं. खणखणीत. तिनं हेडफोन घातला आणि नाही म्हणून मान हलवली. माझा पारा चढला. मी तो तिच्या डोक्यावरून ओढला, उलटा करून पुन्हा चढवला आणि विचारलं, "आता सांग, कुठं येत नाही?"

तिनं हळूच डाव्या कानावर हात ठेवला.

मी हेडफोन काढून घेतला आणि तिला चप्पल घालायला सांगितलं.

कानाच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि विचारलं, कधीपासून? ताईनं माझ्याकडे पाहिलं. वही पिशवीत होतीच. मी पान काढलं, दिवस मोजले. सत्तावीस. डॉक्टर म्हणाले, ऐकणं असं अचानक गेलं की पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू करावं लागतं, बऱ्याचदा परत येतं. आता देतो, पण फार आशा ठेवू नका. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

बाहेर बाकावर मी तिच्या उजवीकडे बसलो. तिनं वही मागितली. पहिल्या ओळीवर बोट ठेवून ती टाइप करण्याआधी वाचते तशी सावकाश वाचू लागली. डावीकडे आवाज नाही. ड्रायव्हर टाकला. ठीक.

"मी ठीक म्हटलं नव्हतं," ती म्हणाली.

"नाही."

"साक्षीदार बोललाच नाही तो शब्द लिहायचा नसतो रे."

तिनं वही मिटली आणि माझ्या मांडीवर ठेवली.